पत्रकाचा मसुदा वाचून

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या संस्थेच्या मतदार मार्गदर्शन पत्रकाचा मसुदा परवाच्या टपालाने मिळाला. काल रात्री तो दोनदा वाचून काढला आणि आज सकाळी पेन्सिल हातात घेऊन पुन्हा वाचला. मेहनत दिसते आणि कळकळही दिसते. तरीही हे पत्रक आहे तसे छापू नकोस, असे मी म्हणतो. का म्हणतो, ते सविस्तर लिहितो, कारण याच कामात माझ्या हातून घडलेली एक चूक मी अजून विसरलेलो नाही.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी मी शाळेतून निवृत्त झालो होतो. नोकरीत असताना मतदान केंद्राध्यक्ष म्हणून अनेकदा काम केले असल्यामुळे आमच्या मंडळींनी पत्रकाचा मजकूर माझ्याकडे सोपवला. मी २०१४ चे पत्रक काढले, तारखा बदलल्या आणि छापायला दिले. त्यात एक वाक्य होते : ‘मतदानाला येताना मतदार चिठ्ठी सोबत आणावी.’ २०१४ मध्ये त्याने कुणाचे अडले नव्हते, कारण तेव्हा छायाचित्र असलेली मतदार चिठ्ठी ओळखीसाठी चालत असे. २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने ती सवलत काढून घेतली होती आणि मी नवी सूचना पाहिली नव्हती. २३ एप्रिलला भर उन्हात वरच्या वाडीतली एक म्हातारी जांभ्याच्या पायवाटेने खाली मराठी शाळेत आली. चिठ्ठी तिने रुमालात गुंडाळून कमरेला खोवली होती. कर्मचाऱ्याने ओळखपत्र मागितले तेव्हा तिने आमचे पत्रक पुढे केले. कर्मचाऱ्याचे काहीच चुकले नव्हते. तिचे कार्ड घरी ट्रंकेत होते. ती परत गेली आणि सहा वाजेपर्यंत पुन्हा आली नाही. पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी जाऊन चूक कबूल केली, तर तिने मलाच पाणी आणि गूळ दिला. गेलेले मत मात्र मी तिला परत देऊ शकलो नाही.

म्हणून तुझ्या मसुद्यातले दुसऱ्या परिच्छेदातले वाक्य पाहून मी दचकलो. ‘मतदार ओळखपत्र असलेल्या प्रत्येकाला मतदान करता येते’ असे तू लिहिले आहेस. हे वाक्य काढ. मतदानाचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो. कार्ड फक्त ओळख पटवते. कपाटात कार्ड जपून ठेवलेल्या माणसाचे नाव यादीतून गेलेले असू शकते, आणि कार्ड हरवलेल्या माणसाचे नाव यादीत असेल तर तो आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, छायाचित्र असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड अशा आयोगाने मान्य केलेल्या कागदांपैकी एक दाखवून मतदान करू शकतो. तेव्हा आधी ‘यादीत आपले नाव आहे का ते आजच पाहा’ हे वाक्य येऊ दे, ते कसे पाहायचे हे त्याच्या लगेच खाली येऊ दे (१९५० हा मतदार मदतीचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत, आणि वाडीच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, विचारणा), आणि ‘येताना काय आणायचे’ हे त्यानंतर. नावात काना-वेलांटीची किरकोळ चूक असेल आणि ओळख पटत असेल, तर तेवढ्यासाठी मतदाराला परत पाठवू नये असे आयोगाचे निर्देश आहेत. हेही लिही, कारण आपल्याकडे आडनावांच्या छपाईत किती घोळ असतात ते तुला ठाऊक आहे आणि त्या भीतीने घरी बसणारी माणसे मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे. तू एकाच पत्रकात सर्व निवडणुका बसवल्या आहेस. लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपंचायत यांची राज्य निवडणूक आयोग. दोन्हीकडचे नियम एकसारखे नाहीत. विधानसभेला मतदार एकदाच बटण दाबतो. जिल्हा परिषदेच्या वेळी त्याला गटासाठी (जिल्हा परिषदेचा मतदारसंघ) एक आणि गणासाठी (पंचायत समितीचा मतदारसंघ) एक अशी दोन मते द्यायची असतात. ग्रामपंचायतीत प्रभागात जितक्या जागा तितकी मते, आणि थेट सरपंच निवडायचा असेल तर त्याचे आणखी एक. थेट सरपंचाची पद्धतसुद्धा २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली, म्हणजे जुने पत्रक पुन्हा छापणाऱ्याची इथेही फसगत ठरलेली. तुझ्या मसुद्यात ‘बटण दाबल्यावर काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसेल, ती पाहूनच बाहेर पडा’ असे आहे. लोकसभा-विधानसभेसाठी ते अचूक आणि उपयोगी आहे. पण स्थानिक निवडणुकांत आपल्याकडे आजवर व्हीव्हीपॅटविनाच, म्हणजे ती चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राविनाच, मतदान होत आले आहे. तुझे पत्रक वाचून गेलेल्या माणसाला तिथे काच दिसणार नाही, चिठ्ठी दिसणार नाही, आणि आपले मत गेले कुठे अशी शंका घेऊन तो घरी येईल. वाडीत ती शंका संध्याकाळपर्यंत बातमी होते. म्हणून प्रत्येक निवडणुकीसाठी वेगळे पत्रक काढ आणि वरच्या ओळीत निवडणुकीचे नाव, गावे आणि तारीख घाल. जिल्ह्याच्या नावावरही विसंबू नकोस. दापोली आणि गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात आहेत, पण लोकसभेला त्यांचे मत रायगड मतदारसंघात मोजले जाते. ‘रत्नागिरी जिल्ह्यातील मतदारांसाठी’ असा मथळा देऊन खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या उमेदवारांची यादी छापलीस, तर दाभोळपासून वेळणेश्वरपर्यंतच्या वाचकाला तू चुकीची यादी दिलीस असे होईल.

आता चाकरमान्यांविषयी. ‘मुंबईकरांनो, आपल्या गावी येऊन मतदान करा’ ही ओळ वाचायला गोड आहे आणि ती का लिहावीशी वाटली ते मी समजू शकतो. तरी ती धोक्याची आहे. एका माणसाचे नाव एकाच ठिकाणच्या यादीत असावे असा कायदा आहे, आणि ते ठिकाण त्याच्या सर्वसाधारण रहिवासावरून ठरते. गावाला घर आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमातच आहे. तसेच, तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास संपत नाही हेही तिथेच आहे. नाव नोंदवताना जाणूनबुजून खोटे लिहून दिले तर एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. मुंबईला बिऱ्हाड आणि गावाला वडिलोपार्जित घर असलेल्या माणसाने काय करावे हे तू ठरवू नकोस. त्याला कायदा सांग, पत्ता बदलायचा असेल तर नमुना ८ भरायचा असतो हे सांग, आणि उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटल्यावर त्या निवडणुकीपुरते यादीत नवे नाव येत नाही हेही सांग. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींसाठी हीच माहिती दोन वेगळ्या ओळींत दे. त्यांची नावे वर्षानुवर्षे माहेरच्या यादीत पडून राहतात.

संस्था निष्पक्ष आहे असे तू तीन ठिकाणी लिहिले आहेस. एकदाच लिही, आणि शब्द तपास. ‘बदलासाठी मतदान करा’ हे वाक्य सत्तेबाहेरच्यांच्या बाजूला झुकते, ‘स्थैर्यासाठी’ म्हटले तर सत्तेतल्यांच्या. ‘योग्य उमेदवार निवडा’ यातही, योग्य कोण ते आम्हाला माहीत आहे असा सूर लागतो. रंगांचेही तसेच आहे, म्हणून पांढऱ्यावर काळी छपाई कर. यंत्राच्या नमुना चित्रात तू उमेदवारांपुढे शिट्टी, शिवणयंत्र आणि गॅस सिलिंडर काढले आहेस. ही तिन्ही आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत असतात, आणि उद्या त्यांतले एक इथल्याच एखाद्या अपक्षाला मिळाले तर तुझे पत्रक त्याचा प्रचार ठरेल. चौकोन कोरे ठेव आणि नावांच्या जागी अ, ब, क लिही.

उमेदवारांची माहिती द्यायचीच असेल तर प्रत्येकाने अर्जासोबत दिलेल्या शपथपत्रातून घे, सर्वांना तेच रकाने दे, आणि नावांचा क्रम मतपत्रिकेवर असतो तोच ठेव, म्हणजे अमक्याला वर का घेतले हा प्रश्नच येणार नाही. गुन्ह्यांच्या रकान्यात फार जपून लिही. गुन्हा दाखल असणे, न्यायालयाने दोषारोप निश्चित केलेले असणे आणि दोषी ठरलेले असणे या तीन वेगळ्या अवस्था आहेत. तू तिन्हींना ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’ म्हटले आहेस. रस्ता रोको आंदोलनात नाव आलेला माणूस आणि शिक्षा झालेला माणूस त्यामुळे एकाच ओळीत बसतात. तो निवाडा वाचकाला करू दे. ‘नोटा’बद्दलही (‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय) असेच : लोकसभा-विधानसभेत २०१३ पासून तो पर्याय आहे, तो दाबता येतो, आणि त्याला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांपैकी ज्याला जास्त मते तो निवडून येतो. एवढे लिहून थांब.

घरून मतदानाची सोय लोकसभा-विधानसभेसाठी आहे. ८५ वर्षांवरील आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना त्यासाठी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना १२ डी भरून द्यावा लागतो. ही मुदत तुझ्या मसुद्यात पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात गेली आहे. ती वर आण, कारण पत्रक हातात पडेपर्यंत ते पाच दिवस निघून जातात. खरे तर या माणसांसाठी आधीच घरोघर जावे लागेल. दृष्टिहीन किंवा अधू मतदाराला सोबती नेता येतो, तो अठरा वर्षांचा हवा आणि त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो, हेही राहिले आहे. संध्याकाळी बंदरावर होडी उशिरा लागली तर काय, असे दर वेळी विचारतात. सहाच्या ठोक्याला जे रांगेत असतात त्या सर्वांचे मतदान घेतले जाते. रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात. हे वाक्य मच्छीमार वाड्यांसाठीच्या प्रतीत पहिल्या पानावर टाक.

राहता राहिली सुरुवात. लोकशाहीच्या महतीच्या सात ओळी चांगल्या लिहिल्या आहेस, पण एसटीच्या थांब्यावर पत्रक हातात घेणारी बाई त्या सात ओळींतच ते घडी घालून पिशवीत टाकेल. सुरुवात तारखेने, वेळेने आणि केंद्राच्या जागेने कर. पत्रकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संस्थेचा पत्ता छाप, आणि कोणत्या तारखेपर्यंतची माहिती तपासली आहे तेही लिही. ती तारीख २०१९ मध्ये माझ्या पत्रकावर असती, तर कुणीतरी मला नक्की विचारले असते.

हे सर्व बदल केल्यावर लगेच छापखान्यात जाऊ नकोस. घाटीच्या वरच्या वाडीत जा, आपल्या कुणाच्या नात्यात नसलेल्या एखाद्या आजीला पत्रक मोठ्याने वाचून दाखव आणि मग कागद उलटा ठेवून तिला विचार, ‘आजी, मतदानाच्या दिवशी तुम्ही घरून निघताना काय काय कराल?’ मध्ये बोलू नकोस, दुरुस्त करू नकोस. ती जिथे अडखळेल किंवा वेगळेच सांगेल, तिथे खूण कर आणि तो खुणांचा कागद मला पाठव. पुढचा मसुदा आपण त्यावरून लिहू.

तुझे काका