टुंड्रात हवामान बदलाच्या उन्हाळी फील्डवर्कला जायचं तर तयारी काय करावी? उपग्रह असताना त्याची गरज उरली आहे का?

तयारी थोडक्यात: उंच रबरी बूट, डासांची जाळी आणि गवताच्या ठोंबांवरून दिवसभर चालू शकतील असे घोटे. प्रश्नाचा दुसरा भाग मात्र मला झोंबला.

अलास्कात, ब्रूक्स पर्वतरांगेच्या उत्तरेला टूलिक संशोधन तळावर मी उन्हाळे काढलेत. काम एकच, पोलादी सळई जमिनीत खुपसायची. जिथे अडेल तिथे गोठलेली जमीन, आणि वरचा सगळा त्या वर्षी वितळलेला थर. पण सळई दगडालाही अडते. दगड हाताला झणका देतो, गोठलेली माती सळईला मुकाट थांबवते. हे मनगटाला कळायला हंगाम जातो. एका उतारावर ठोंबापाशी सळई नडगीभरही गेली नाही. दोन पावलांवर, पाणी झिरपत होतं तिथे, मांडीइतकी आत गेली. आम्ही पुन्हा पुन्हा खुपसून पाहिली, तेच. वरून दोन्हीकडे सारखंच हिरवं. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन 30 मीटरचा, त्यात असे किती खड्डे बुजतात!

परतल्यावर एका बैठकीत संगणकावर हवामानाची मॉडेलं करणाऱ्या एका ज्येष्ठांनी विचारलं, “सळई खुपसायला पीएचडी कशाला लागते?” लोक हसले. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं: तुमचं मॉडेल खरं की खोटं हे ज्या आकड्यावर ठरतं, तो कुणीतरी चिखलात उभं राहून घेतलेला असतो. उत्तरेच्या कायम गोठलेल्या जमिनीत वातावरणाच्या जवळपास दुप्पट कार्बन आहे. तो वितळत्या मातीतून किती खोलवर मोकळा होतोय, हे हिरव्या रंगावरून सांगून दाखवा. आयटेक्स या टुंड्रावरच्या आंतरराष्ट्रीय प्रयोगातले लोक 1990 च्या दशकापासून बिनछताच्या पारदर्शक कक्षांत झाडं एक-दोन अंशांनी ऊबदार ठेवून वाढ मोजताहेत, तीही हातानंच.

उपग्रह नकोत असं नाही. 2007 मध्ये अलास्कातल्या अनाक्टुवुक नदीकाठी सुमारे 1,000 चौरस किलोमीटर टुंड्रा जळला, तो पायी कोण मोजणार? आणि फक्त उन्हाळ्याची मोजणीही अपुरीच, कारण थंडीतही ही माती कार्बन सोडत राहते.

जाल तर ऑगस्टअखेरपर्यंत थांबा, वितळलेला थर सर्वात खोल तेव्हाच असतो. आणि शोधनिबंधात मोजणाऱ्यांची नावं येणार का, हे आधीच विचारा. ‘नाही’ म्हणाले तर दुसरा गट शोधा.