टेनेशियस डीचा 'द कम्प्लीट मास्टर वर्क्स' हा डीव्हीडी संच आज विकत घ्यावा का?

टेनेशियस डी म्हणजे जॅक ब्लॅक आणि काइल गॅस, विनोदी रॉक गाणी करणारी अमेरिकन जोडी. त्यांच्या क्लिपा यूट्यूबवर फुकट दिसतात, शिवाय मोठा भाऊ म्हणतो की 'गाता-वाजवता येत नाही म्हणून हे लोक विनोद करतात', मग पैसे कशाला घालवायचे, असं तुम्ही विचारलंय. घ्या. जुना, वापरलेला मिळाला तरी घ्या. पण मी लिहायला बसले ती तुमच्या भावाच्या वाक्यामुळे. माझा मामा तबला वाजवतो आणि हेच वाक्य मी कॉलेजपासून त्याच्या तोंडून ऐकत आलेय.

जॅक ब्लॅक आणि काइल गॅस हे दोघं लॉस एंजेलिसच्या 'द ॲक्टर्स गँग' या नाटक मंडळीतले. काइल तिथला मुख्य वादक, आणि जॅकला गिटार शिकवली ती त्यानेच. 2001 च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर ड्रम वाजवलेत डेव्ह ग्रोलने. 'निर्वाना' या गाजलेल्या रॉक बँडचा ड्रमर ज्यांच्यामागे वाजवायला बसतो, त्यांना वाजवता येत नाही? या संचात 2002 ची लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीतली मैफल आहे, तीच खरी बघण्यासारखी. जवळपास पाच हजारांचं सभागृह, आणि रंगमंचावर दोन माणसं, दोन अकूस्टिक गिटारी. ड्रम नाहीत, बेस नाही. कुठे चुकलं तर झाकायला मागे कुणी नाही.

माझी मैत्रीण आणि मी कोल्हापुरात कॉलेजात असताना हा संच तिच्या अमेरिकेतल्या भावाकडून आला. आम्ही दोघी गिटार वाजवायचो. त्यांचं 'ट्रिब्यूट' तुम्ही ऐकलं असेलच. सुनसान रस्त्यावर राक्षस आडवा येतो, जगातलं सर्वोत्तम गाणं वाजवा नाहीतर तुमचे आत्मे खातो म्हणतो. हे सुचेल ते वाजवतात आणि नेमकं तेच सर्वोत्तम निघतं. पण आता ते आठवत नाही, हे गाणं म्हणजे त्या गाण्याची नुसती आठवण. आम्ही त्यावरून आमचं स्वतःचं गाणं रचलं. गगनबावड्याची शेवटची एसटी, करूळ घाटात राक्षस गाडी अडवतो आणि कंडक्टरकडे सुट्टे मागतो. चाल आमची, शब्द आमचे. ब्रिक्स्टनच्या मैफलीतून उचलली ती फक्त एक गोष्ट: लोक हसत असताना पुढची ओळ घ्यायची नाही. हशा ओसरेपर्यंत ए मायनर हा एकच कॉर्ड फिरवत ठेवायचा, लय तसूभर न हलवता, आणि हसू उतरताना बरोबर समेवर शब्द टाकायचा. बोलायला सोपं आहे. समोर शेकडो पोरं ओरडत असताना उजवा हात आपोआप पळायला लागतो. तो आवरायला आम्ही संध्याकाळच्या संध्याकाळ मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिकणारं यंत्र) लावून बसलोय, बोटांच्या टोकांची सालं निघेपर्यंत.

स्नेहसंमेलनात गाणं झालं. सुट्ट्यांच्या ओळीला सभागृह एवढं हसलं की मैत्रिणीने चार आवर्तनं जास्त फिरवली, मी वरची सुरावट बदलत राहिले आणि दोघी एकाच मात्रेवर परत आलो. त्या क्षणाचा मला आजही अभिमान आहे. परीक्षकांनी आमचं नाव संगीताच्या यादीतून काढून 'विविध गुणदर्शन'मध्ये टाकलं आणि माईकवरून म्हणाले, "पोरी छान हसवतात." आमच्या आधी गायलेल्या मुलाचा अंतरा वाद्यवृंदाच्या अर्धी मात्रा पुढे पळाला होता. त्याला सुगम गायनाचं पहिलं बक्षीस.

मामा पहिल्या रांगेत होता. घरी आल्यावर मी विचारलं, "मामा, तू तबलजी आहेस. लय हलली का कुठे?" म्हणाला, "लय नाही हलली. पण ते गाणं नव्हे." बस, तिथून आमचा वाद चालू आहे. माझं म्हणणं आजही तेच: हसवत गाणं हे नुसतं गाण्यापेक्षा अवघड, कारण सूर, ताल आणि हशा अशी तिन्ही व्यवधानं एकाच वेळी सांभाळायची असतात. आपल्याकडे तर हे सांगायचीही गरज पडू नये. नाथांचं भारूड सादर करणारा सोंग घेतो, लोकांना हसवतो, म्हणून त्याचा ताल सुटलेला चालतो का? पु. ल. पेटीवर बसले की त्यांना कुणी 'विनोदी लेखक आहेत, सोडून द्या' म्हणायचं का?

तर तुमच्या भावाला क्लिपा दाखवू नका. क्लिपेत विनोद तेवढा कापून येतो आणि दोन विनोदांमधलं वाजवणं गळतं. ब्रिक्स्टन सलग लावा, आणि काइलच्या हातांकडे बघायला सांगा. जॅक बेभान ओरडत असतो तेव्हा हा जाडसर माणूस शांत उभा राहून एकेक तार स्वच्छ वाजवत असतो. तरीही भाऊ 'विदूषकी' म्हणालाच, तर त्याच्या हातात गिटार द्या आणि एवढं वाजवून दाखवा म्हणा.

संचात याशिवाय एचबीओ या अमेरिकन वाहिनीवरच्या त्यांच्या मालिकेचे सगळे छोटे भाग आहेत, 'ट्रिब्यूट'चा व्हिडिओ आहे (त्यातला राक्षस म्हणजे पुन्हा ग्रोलच), लघुपट आणि दौऱ्याचं चित्रण आहे. एचबीओचे भाग उत्तम. लघुपट एकदा बघून सोडून द्यावेत असे.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. शिव्या आणि चावटपणा भरपूर आहे, घरच्या मंडळींसमोर हॉलमध्ये लावू नका. मामा हा संच बघताना पंधरा मिनिटांत उठून गेला तो त्यामुळे, संगीतामुळे नाही. आणि डिस्क 2003 ची आहे, चित्र आजच्या मोठ्या टीव्हीवर मऊ दिसतं. परदेशातून मागवत असाल तर वेष्टनावर रीजनचा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे त्याचा, आकडा बघा. भारताचा 5 आहे, वेगळा असेल तर तुमच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. 2008 मध्ये दुसरा भागही आला, सिएटलच्या मैफलीचा, पूर्ण बँडसकट. तो दणदणीत आहे, पण भावाशी वाद जिंकायला उपयोगाचा नाही. तिथे मागे ड्रमर आहे.