बिलबी: वाळवंटातला लांबकान्या

प्रश्न: बिलबी ही सशाचीच जात का? कान तर तसेच दिसतात.
उत्तर: कान सोडले तर सशाशी काही नातं नाही. कांगारूसारखी पोटाला पिशवी असलेला हा ऑस्ट्रेलियातला शिशुधान प्राणी. नर अडीच किलोपर्यंत भरतो, मादी बरीच लहान. ससा तर त्याच्या मुळावर उठला. युरोपियनांनी आणलेल्या सशांनी त्याचं खाणंही खाल्लं आणि बिळंही बळकावली.

प्रश्न: पिशवीचं तोंड मागच्या बाजूला का?
उत्तर: पुढच्या पायांनी उकरलेली माती पिशवीत जाऊ नये म्हणून. जेमतेम दोन आठवड्यांच्या गर्भारपणानंतर जन्मलेलं पिल्लू पुढचे अडीच महिने त्या पिशवीतच वाढतं.

प्रश्न: वाळवंटात पाणी न पिता जगतो कसा?
उत्तर: किडे, अळ्या, वाळवी, कंद, बिया यांतला ओलावा त्याला पुरतो. दिवसभर तो बिळात असतो. बीळ नागमोडी उतरत दोन मीटर खोल जातं, त्यामुळे वरची होरपळ आत पोचत नाही. नजर अधू, पण नाक आणि कान तिखट. एकाची अनेक बिळं असतात आणि रिकामी पडलेली बिळं इतर प्राणी वापरतात. त्याने उकरलेल्या खड्ड्यांत पालापाचोळा नि बिया साठतात, मातीचा कस वाढतो. मला विचाराल तर त्याची खरी थोरवी इथे आहे, गोंडस चेहऱ्यात नाही.

प्रश्न: दुष्काळामुळे संपत चाललाय का?
उत्तर: दुष्काळ तो पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलाय. मांजर आणि कोल्हा मात्र त्याला नवे, आणि कोल्हे तर गोऱ्यांनी शिकारीच्या हौसेसाठी आणले. एकेकाळी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीच्या सुमारे ७० टक्के भागात बिलबी होता, आज २० टक्केही उरलेला नाही. त्याचा धाकटा भाऊ, छोटा बिलबी, विसाव्या शतकातच नामशेष झाला. आता कुंपणं घालून उरलेल्या मोठ्या बिलबीला वाचवतात. क्वीन्सलँडमधल्या करावीन्या राष्ट्रीय उद्यानात पुरानंतर जाळी गंजली, मांजरं आत शिरली आणि आतले बिलबी गेले. कुंपण दुरुस्त करून २०१९ मध्ये पुन्हा बिलबी सोडले. जाळीला भोक पडलं की वर्षांची मेहनत वाया, हे लक्षात घेता पश्चिम वाळवंटातल्या किविरकुरा इथल्या आदिवासी रेंजर्सचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. ते पावलांचे माग काढून मांजरांची शिकार करतात, तेही कुंपणाशिवाय.

प्रश्न: मेलबर्नला ईस्टरमध्ये चॉकलेटचे बिलबी मिळतात. घेतले तर खरंच मदत होते?
उत्तर: वेष्टन वाचा. संवर्धनाला किती वाटा जातो ते लिहिलं असेल तर होते. नुसतं चित्र असेल तर ते फक्त चॉकलेट.