मॉलिब्डेनम डायसल्फाइड या अर्धवाहकाचा एकच थर थंड केला की त्याच्या प्रकाशाची वर्णपटातली रेषा अरुंद का होते?

कारण अणूंच्या जाळीची थरथर कमी होते. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि त्याच्यामागे उरलेली रिकामी जागा, म्हणजे होल, एकमेकांना धरून राहतात, हाच एक्सायटॉन. थर नॅनोमीटरहूनही पातळ, त्यामुळे दोघांमधलं आकर्षण फारसं झाकलं जात नाही. बंधनऊर्जा काहीशे मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि खोलीतली उष्णता जेमतेम 26, म्हणून जोडी सहसा टिकते. पण धक्के खातेच. अणूंची कंपनं, म्हणजे फोनॉन, तिला एका अवस्थेतून दुसरीत ढकलतात. अवस्था जितकी अल्पायुषी, तितकी रेषा रुंद. थंडीत फोनॉन थोडेच उरतात, शिवाय रेषा निळ्याकडे सरकते.

खरी गंमत म्हणजे सगळी कंपनं सारखी नाहीत. गंधकाचे अणू थराला लंब हलतात ते कंपन, रामन वर्णपटात (विखुरलेल्या प्रकाशातून कंपनं दाखवणाऱ्या) सुमारे 405 प्रति सेंटिमीटरचं, 1.9 इलेक्ट्रॉनव्होल्टजवळच्या एक्सायटॉनशी जोरात जुळतं. थराच्या प्रतलातलं 385 चं कंपन तिथे फारसं जुळत नाही, ते 2.7 जवळच्या एक्सायटॉनसोबत खुलतं.

नमुना नुसता सिलिकाच्या चकतीवर ठेवला असेल तर मात्र कितीही थंड करा, खडबडीत पृष्ठभागामुळे रेषा रुंदच राहील. बोरॉन नायट्राइडच्या दोन सपाट थरांमध्ये घाला, मग पाहा.