दस्त्यावरचं साल आणि नळीवरचं साल

प्रश्न : आमच्या शाळेच्या एनसीसी खोलीत कवायतीची एक जुनी थ्री-नॉट-थ्री आहे. बोल्टच्या मुठीमागे लोखंडी पट्टीवर मुकुट, 'जी.आर.', 'बी.एस.ए. को.', १९१७ आणि शेवटी रोमन तीन व तारा आहे. नळीच्या बुडाशी मात्र ४२ दिसतं. लाकडावर 'डी.पी.'. गावातली म्हातारी माणसं सांगतात, ही रायफल पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात मराठा पलटणीकडे होती. खरं साल कोणतं?
– एक एनसीसी शिक्षक, वाई तालुका

उत्तर : सर, दोन्ही सालं खरी आहेत. १९१७ हे बॉडीचं, म्हणजे ती पट्टी ज्याचा भाग आहे त्या मुख्य लोखंडी सांगाड्याचं, म्हणून रायफलच्या जन्माचं. ४२ (१९४२) हे नळीचं. नळी झिजली की कारखान्यात नवी बसवत, बॉडी तीच राहायची. आर्मरर, म्हणजे सैन्यातला शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून मी नोकरीभर हेच केलं, म्हणून सांगतो, साल ठरवताना आधी बॉडी वाचायची.

'जी.आर.' म्हणजे राजा जॉर्ज. पाचवा (१९१० ते १९३६) आणि सहावा, दोघांचीही अक्षरं तीच, त्यामुळे नुसत्या अक्षरांवर जाऊ नका. इथे सालच सांगतं की हा पाचवा. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅमचा कारखाना. ताऱ्याकडे नीट बघा. पहिल्या महायुद्धात बंदुका भराभर हव्या होत्या, म्हणून मॅगझिन (काडतुसांची पेटी) बंद करणारी पट्टी आणि लांब पल्ल्याची बाजूची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, काढून टाकली. त्या सोप्या केलेल्या नमुन्याची खूण म्हणजे तो तारा. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा स्क्रू गेला आहे का, तेही पाहा. असेल तर ती भारतातल्या दुरुस्तीची ओळख. लाकूड चिरू नये म्हणून तो घालत.

आता कूत. तिथे १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण होती, आणि वेढा २९ एप्रिल १९१६ला शरणागतीने संपला. तुमची रायफल १९१७ची. त्यामुळे ती तिथे असणं शक्यच नाही. म्हाताऱ्यांच्या आठवणीत कूत आहे ते मात्र उगाच नाही, सातारा भागातली पुष्कळ माणसं मराठा पलटणींत होती. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, पण रायफलला चिकटवू नका.

दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी चकती असेल, तर तिच्यावर पलटणीची खूण असू शकते. युद्धात पुढे चकत्या बसवणं बंद झालं, तेव्हा नुसता खळगा किंवा काहीच नसलं तरी नवल नाही.

खुणा पुसट असतील तर पॉलिश पेपर अजिबात लावू नका, ठसे उथळ असतात, कायमचे जातात. खडू चोळा, जादा पुसा, बॅटरी बाजूने तिरपी धरा. अक्षरं उठून दिसतात. मग बॉडीवरचा नंबर आणि बोल्टच्या मुठीवरचा नंबर ताडून पाहा. वेगळे असतील तर बोल्ट दुसऱ्या रायफलचा आहे.

'डी.पी.' म्हणजे फक्त कवायतीसाठी. हिच्यात काडतूस, अगदी गोळी नसलेलं, नुसत्या आवाजाचंसुद्धा, कुणाला घालू देऊ नका. कोणताही स्क्रू उघडायचा असेल तर तुमच्या बटालियनच्या आर्मररला बोलवा.