दरबारी कवीला किती खोटं बोलता येतं?

चि. ...,

अनेक आशीर्वाद. तुझं टिपण वाचलं. मेनाईला रक्ताची एवढी भरती आली की ओहोटीच उरली नाही, ही बाराव्या शतकातल्या वेल्श दरबारी कवी ग्वाल्खमायची ओळ तू थेट ‘शत्रूची हानी’ या सदरात टाकलीस! जरा नकाशा काढ. ११५७ची ती चकमक झाली मोएल्व्रेला, वेल्सच्या अँगलसी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर. बेट आणि मुख्य भूमी यांमधली मेनाईची सामुद्रधुनी तिथे नाहीच.

आणखी एक गोची आहे. कवितेत विजय कवीचा धनी, उत्तर वेल्सचा राजा ओवाइन ग्विनेथचा. वेल्श राजपुत्रांची बखर मात्र सांगते की इंग्लंडचा राजा दुसऱ्या हेन्रीच्या आरमाराने चर्चं लुटली आणि बेटावरच्या माणसांनी त्याला झोडपलं. ओवाइन तेव्हा मुख्य भूमीवर हेन्रीच्या सैन्याला तोंड देत होता.

म्हणून कविता फेकून द्यायची? मुळीच नाही. आरमार हरलं, हे त्याच शतकातला लेखक जेराल्ड ऑफ वेल्सही लिहितो, आणि तो काही ओवाइनचा भाट नव्हे. जेराल्डच्या आईचे दोन सावत्र भाऊ त्या आरमारात होते. एक मारला गेला, दुसरा जबर जखमी होऊन जहाजांपर्यंत कसाबसा पोचला. कवीने निकाल बदललेला नाही, श्रेय धन्याच्या पदरात घातलंय.

तो कोणासमोर गात होता ते बघ. समोर राजाचं ‘तेइली’ बसलेलं. आजच्या वेल्शमध्ये या शब्दाचा अर्थ कुटुंब. तेव्हा अर्थ होता पदरची घोडेस्वार तुकडी. वेल्श कायद्यानुसार तेइलीचा कवी स्वारीवर गेला की लुटीतलं एक जनावर त्याचं. त्यामुळे धन्याची स्तुती कितीही फुगवली तरी चालायचं; पण कोण कुठे लढला, कोण परतला नाही, यात चूक केली तर समोरचेच हसले असते.

शस्त्रांबाबत मात्र जपून. कवितेत भाले, तलवारी, फुटलेल्या ढाली खच्चून भरल्यात. जेराल्ड उत्तरेचा भाला सांगतो तसं दक्षिणेतल्या ग्वेंटचं धनुष्यही सांगतो. कवितेत धनुष्य दिसत नाही म्हणून ते रणात नव्हतं, असं लिहू नकोस. लांबून बाण मारणाऱ्या पायदळाचं कौतुक दिवाणखान्यात कोण ऐकणार?

आता दुसऱ्या एका ओवाइनच्या, पोविसचा राजपुत्र ओवाइन केवेलिओगच्या नावावरची ‘हिरलास’ ही कविता घे. वेल्सच्या सीमेवरच्या मेलोर भागातल्या स्वारीनंतरची मेजवानी. पेयाचं शिंग एकेकाकडे पाठवलं जातंय, नावानिशी. मोरेइथिगची पाळी येते, आणि तेव्हा आठवतं की तो परतलेलाच नाही. ती नावं ओळीने उतरवून काढ, प्रत्येकापुढे त्याची कामगिरी लिही आणि गुरुवारी घेऊन ये.

तुझा,
सर