ख्रिस्ती देव दयाळू म्हणजे ‘पाप करा, माफी मागा, मोकळे व्हा’ असंच ना?

तुम्ही विचारलंय, देव पाप्यावरही माया करतो असं ख्रिस्ती लोक म्हणतात, मग वाईट वागायला मोकळं रानच मिळालं की! टोमणा कळला, राग नाही आला. हाच प्रश्न येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधल्या, रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच, स्वतःला विचारून घेतलाय: कृपा वाढावी म्हणून आपण पापातच राहायचं का? आणि लगेच ‘मुळीच नाही’ म्हणून टाकलंय.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलो, रविवारच्या शाळेत जेवढं कानावर पडलं तेवढंच भांडवल.

गल्लत होते ती ‘दया’ या शब्दामुळे. दया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वर बसलेला कुणीतरी येतो, हात जोडले की शिक्षा कमी करणारा. बायबलमधला शब्द तसा नाही. बायबलच्या पहिल्या भागातल्या, जुन्या करारातल्या हिब्रूत करुणेला ‘रहमीम’ म्हणतात, आणि त्याचं नातं ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशयाशी आहे. येशूनंतरच्या दुसऱ्या भागातल्या, नव्या करारातल्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी तर चक्क आतडी आहेत. दुसऱ्या भाषांना हे समजावून सांगावं लागत असेल, मराठीला नाही. लेकराचं दुःख बघून आपलंही आतडंच तुटतं, पोटातच कालवतं. मराठी बायबलमध्ये त्या जागी ‘कळवळा’ आहे, आणि माझ्या मते तो अगदी नेमका बसलाय. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली, तीही उगाच नाही.

हा कळवळा सगळ्यात स्पष्ट दिसतो लूकने लिहिलेल्या येशूचरित्राच्या पंधराव्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो, परमुलखात पैसे उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते. मग घरी जाऊन काय बोलायचं ते तो पाठ करतो: बाबा, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला चाकरासारखं ठेवा.

लहानपणी नाताळात आम्ही याचं नाटक बसवलं होतं. बाप झालेला मुलगा काही केल्या धावायला तयार होईना. धोतर सुटेल म्हणाला. शिवाय म्हातारी, मानाची माणसं धावत नाहीत, त्याचे आजोबा तर कधीच धावले नव्हते. बाई म्हणाल्या, अरे, तेच तर दाखवायचंय. मुलगा अजून लांब आहे, तोंडातून एक शब्द निघालेला नाही, आणि बाप लाजलज्जा सोडून पळत सुटलाय. गळ्यात पडून मुके घेतो. मुलगा पाठ केलेलं बोलायला लागतो, पण ‘चाकरासारखं ठेवा’ हे वाक्य त्याला म्हणायलाच मिळत नाही. बाप आधीच झगा, अंगठी, जोडे मागवतो, वासरू कापून मेजवानी करायला लावतो.

म्हणजे ‘माफी मागा, मोकळे व्हा’ हा व्यवहार इथे नाहीच. माया आधी आली, माफीचे शब्द मागून. जक्कय जकातदाराचंही तेच. उंबरावर चढून बसलेल्या त्या माणसाला येशू आधी म्हणतो, आज मी तुझ्या घरी उतरणार. मग जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत द्यायला निघतो. ज्याला मोकळं रान मिळालं, तो असा पदरमोड करत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाईंचं. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी ख्रिस्ती जोगिणींनी (नन) चालवलेलं आश्रयगृह त्यांनी पाहिलं. अशा बायकांना इतकं मायेने वागवलेलं त्यांनी मायदेशात पाहिलं नव्हतं. हे कशामुळे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाने लिहिलेल्या येशूचरित्राच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर आलेली, पाच नवरे होऊन गेलेली, यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या जमातीतली. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिच्या पाच नवऱ्यांचा विषयही तोच काढतो, म्हणजे झाकत काही नाही, पण तिला हाकलतही नाही. रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी वेगळं घर काढलं. नाव ठेवलं ‘कृपासदन’.

आता तुमच्या प्रश्नामागची खरी बोच. वाईट वागणाऱ्याला एवढा मान, मग सरळ वागणाऱ्याने काय पाप केलं? हे त्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ बोलतोच. दिवसभर शेतात राबून येतो, नाचगाणं ऐकतो आणि दारातच अडून बसतो: मला कधी एक करडूही दिलं नाहीत! मला त्याचं पुष्कळसं पटतं, खरं सांगतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, समजूत काढतो, ‘बाळा, माझं आहे ते सगळं तुझंच’ म्हणतो.

नाटकात थोरला मी होतो. तालमीत हे वाक्य झालं आणि मी तसाच उभा राहिलो. बाईंना विचारलं, आता मी आत जायचं की नाही? बाईंनी पुस्तक उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, लूकने लिहिलेलं नाही.